आई तिसऱ्या रांगेत का?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक वृद्ध बाई माझ्या कार्यालयात आल्या. सोबत विहारातल्या दोन महिला कार्यकर्त्या होत्या. जयभीम झाले, पाणी झाले. मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रे काढून माझ्यासमोर ठेवली. त्यांची मुलगी आरोग्यसेविका होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा अपघातात गेला. मूलबाळ नव्हते. सासरच्यांनी 'पांढऱ्या पायाची' म्हणून तिला घराबाहेर काढले. ती माहेरी आली. आईने चार घरची धुणीभांडी करून तिला पुढे शिकवले. मुलगी नोकरीला लागली. चौदा वर्षे नोकरी केली, पै पै जोडून एक खोली घेतली, बँकेत ठेव ठेवली. आणि एका आजाराने दोन महिन्यांत गेली.

तिने मृत्युपत्र केले नव्हते. बँकेत 'नॉमिनी' म्हणून आईचे नाव होते, म्हणून आई निर्धास्त होती. परंतु ज्या दिराने चौदा वर्षांत वहिनीची साधी चौकशी केली नव्हती, त्याने न्यायालयात वारस म्हणून अर्ज केला होता. आणि मला, एका वकिलाला, त्या माउलीला सांगावे लागले की कायदा दिराच्या बाजूने आहे. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, तिला जन्म मी दिला, शिकवलं मी, शेवटचं पाणी तिच्या तोंडात मी घातलं. मग कायद्यात मी तिची कोण लागते?"

हा प्रश्न एका बाईचा नाही. कुटुंब म्हणजे काय आणि ते कोणी ठरवायचे, असा हा मूलभूत प्रश्न आहे. म्हणूनच तो या स्तंभातून वाचकांपुढे मांडत आहे.

कायद्यातली रांग

वारसाहक्काच्या बाबतीत आपल्याला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. आपण धम्म स्वीकारला, देव्हारे काढले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. परंतु या कायद्याचे कलम २ बौद्ध, जैन आणि शीख यांनाही आपल्या कक्षेत घेते. तेव्हा 'हा त्यांचा कायदा, आपला काय संबंध' असे म्हणून चालणार नाही. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक खोलीची, प्रत्येक बँक पुस्तकाची वाटणी याच कायद्याने होते.

या कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची मुले, मुली, विधवा आणि आई हे सर्व पहिल्या वर्गातील वारस असतात. म्हणजे मुलगा गेला तर आई पहिल्या रांगेत. आता कलम १५ पाहा. स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर पहिल्या रांगेत तिची मुले-मुली आणि नवरा. ते कोणी नसतील तर दुसऱ्या रांगेत नवऱ्याचे वारस. म्हणजे सासू, दीर, नणंद, त्यांची मुले. ते कोणीच नसतील, तेव्हा कुठे तिसऱ्या रांगेत तिची आई आणि तिचे वडील! आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता असेल आणि मूलबाळ नसेल, तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते, एवढीच सवलत त्याच कलमात आहे. परंतु जी मालमत्ता तिने स्वतःच्या घामाने कमावली, तिला ही सवलत नाही.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. १९५५ मध्ये लग्न झालेली एक मुलगी तीन महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी तिला हाकलून दिले. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या आईने वारस दाखला मागितला. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही मागितला. निकाल नवऱ्याच्या नातेवाइकांच्या बाजूने लागला. सहानुभूतीवर वारसा ठरत नाही, कायदा जसा आहे तसाच लावावा लागतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यापूर्वीच, २००८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २०७ व्या अहवालात हे कलम बदलावे, स्त्रीच्या स्वकमाईत तिच्या माहेरच्यांनाही वाटा मिळावा, अशी शिफारस केली होती. ती शिफारस कागदावरच राहिली.

कायद्याने ही रांग अशी का लावली? कारण त्यामागे एक विशिष्ट कुटुंब गृहीत धरलेले आहे. त्या कुटुंबात मुलीचे 'दान' होते. तिचे गोत्र बदलते, कूळ बदलते, नावही बदलते. लेक म्हणजे परक्याचे धन! एकदा दिली की ती त्या घरची. तिने कमावलेला पैसाही त्या घरचा. यावर बोलायला गेलो की लगेच ऐकवले जाते, "कुटुंबव्यवस्था हा आपल्या संस्कृतीचा पाया आहे, त्याला हात लावू नका. हे निसर्गाने नेमून दिलेले आहे."

खरोखर निसर्गाने नेमून दिले आहे काय? तपासून पाहू. आणि त्यासाठी फार लांब जायला नको. कायद्याचे तेच पुस्तक हातात घेऊन दोन पाने पुढे जाऊ.

त्याच पुस्तकातले दुसरे कुटुंब

याच कायद्यात कलम १७ आहे. मरुमक्कत्तायम आणि अळियसंतान या पद्धतींच्या कुटुंबांसाठी ते केलेले आहे. त्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीच्या वारसांची रांग अशी आहे : आधी मुले-मुली आणि आई. मग वडील आणि नवरा. मग आईचे वारस. मग वडिलांचे वारस. आणि सर्वांत शेवटी नवऱ्याचे वारस!

वाचकांनी हे दोनदा वाचावे. देश एक, संसद एक, कायदा एक, वर्ष एक. कलम १५ मध्ये सासर दुसऱ्या रांगेत आणि आई तिसऱ्या. कलम १७ मध्ये आई पहिल्या रांगेत आणि सासर पार शेवटी. आता यातले कोणते कुटुंब निसर्गाने नेमून दिले म्हणायचे?

मरुमक्कत्तायम ही केरळमधील पद्धत. मरुमक्कळ म्हणजे भाचे-भाच्या. भाच्यांकडे जाणारा वारसा तो मरुमक्कत्तायम. नायर आणि इतर काही जातींत ती होती. कर्नाटकच्या तुळुनाडूत, म्हणजे मंगळूर-उडुपीच्या भागात, बंट आणि बिल्लव समाजात तिच्यासारखीच अळियसंतान पद्धत होती. नायरांच्या घराला तरवाड म्हणत. तरवाडात आई, तिच्या मुली, मुलींच्या मुली आणि या सर्वांचे भाऊ राहत. मुलगी लग्न करून कुठे जात नसे. 'संबंधम्' नावाच्या नात्याने जोडलेला नवरा तिच्याकडे येई आणि आपल्या आईच्या तरवाडात परत जाई. मुले आईच्या तरवाडाची. त्यांचे पालनपोषण मामा करी. वडिलांच्या मालमत्तेवर मुलांचा हक्क नसे, कारण वडिलांची मालमत्ता त्यांच्या बहिणीच्या मुलांची. तरवाडाची जमीन वाटून घेण्याची सोय नव्हती.

हे ऐकून तिथे स्त्रीराज्य होते, असे कोणी समजू नये. तरवाडाचा कारभार वयाने सर्वांत मोठ्या पुरुषाच्या, म्हणजे कारणवनच्या हाती असे. वंश स्त्रीवरून चाले, परंतु किल्ल्या मामाच्या कमरेला असत. जातीची उतरंड तर होतीच. नंबुद्री ब्राह्मणांत जमीन फुटू नये म्हणून फक्त थोरला मुलगा आपल्या जातीत लग्न करी. धाकटे भाऊ नायर स्त्रियांशी संबंधम् ठेवत. त्यातून झालेल्या मुलांचा बापाच्या घरावर, जमिनीवर काहीही अधिकार नसे. आणि जातीत वरच उरले नाहीत म्हणून कित्येक नंबुद्री मुली जन्मभर अविवाहित, पडद्याआड राहत. एका जातीची जमीन अखंड ठेवण्यासाठी दोन जातींच्या स्त्रियांनी किंमत मोजली. म्हणजे तिथेही कुटुंबाचा आकार शास्त्राने ठरवला नव्हता, जमिनीने ठरवला होता.

आणि तो कायद्याने बदलला. १८९६ च्या मलबार विवाह कायद्याने संबंधम् नोंदवण्याची सोय केली. फार थोड्यांनी तिचा लाभ घेतला. १९३३ पासून लागू झालेल्या मद्रास मरुमक्कत्तायम कायद्याने संबंधम् हा कायदेशीर विवाह ठरवला, बायको-मुलांना बापाकडे हक्क दिला आणि तरवाडाच्या वाटणीची वाट मोकळी केली. पुढे १९७५ मध्ये केरळ विधानसभेने एकत्र हिंदू कुटुंब ही कायदेशीर व्यवस्थाच रद्द करणारा कायदा केला. तो १ डिसेंबर १९७६ पासून लागू झाला. ज्या एकत्र कुटुंबाच्या नावाने उर्वरित भारतात गळे काढले जातात, ते केरळने कायद्याच्या एका फटकाऱ्यात मोडीत काढले. आभाळ कोसळले नाही. आता २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिल्यानंतर, केरळच्या त्या कायद्यातील दोन कलमे केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्याचे तिथल्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले. म्हणजे कुटुंबाची व्याख्या आजही न्यायालयात लिहिली जात आहे, खोडली जात आहे, पुन्हा लिहिली जात आहे.

धर्म एक, कुटुंबे अनेक

कोणी म्हणेल, केरळ हा अपवाद. परंतु अपवाद मोजायला लागलो तर नियम शोधावा लागतो.

लक्षद्वीप बेटांवरील जवळजवळ सर्व स्थानिक लोक मुसलमान आहेत. शरियतीप्रमाणे वारसा बापाकडून यायला हवा. परंतु तिथे घराण्याची मालमत्ता आईकडून मुलीकडे जाते. बेटांवर या मालमत्तेला 'शुक्रवारची' मालमत्ता म्हणतात आणि माणसाच्या स्वकमाईच्या मालमत्तेला 'सोमवारची' म्हणतात. या सोमवारच्या मालमत्तेला शरियत लागू होते. इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रामध्ये मिनांगकाबाऊ नावाचा मोठा मुस्लीम समाज आहे. तिथेही घराण्याची शेती आणि घर मुलींच्या वाट्याला जाते. मेघालयातील खासी समाजात घराण्याची मालमत्ता सर्वांत धाकट्या मुलीकडे राहते. तिला 'का खद्दुह' म्हणतात. आईवडिलांना सांभाळणे आणि घराण्याचे विधी पार पाडणे ही जबाबदारी तिची. मुले आईचे कूळनाम लावतात. खासींमध्ये बहुसंख्य ख्रिस्ती झाले, तरी ही रीत राहिली. तिथेही निर्णयात मामाचा शब्द मोठा असतो आणि पारंपरिक ग्रामदरबारातून स्त्रियांना दूर ठेवले गेले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हिमाचल प्रदेशातील किन्नौर, सिरमौर आणि उत्तराखंडातील जौनसार-बावर या डोंगराळ भागात सख्ख्या भावांची मिळून एक पत्नी असण्याची प्रथा होती. ती आता विरळ झाली आहे. कारण सरळ आहे. डोंगरउतारावरचे शेत मूठभर. चार भावांनी चार संसार थाटले तर प्रत्येकाला एक पायरीसुद्धा यायची नाही. बंगालमध्ये दायभाग पद्धतीप्रमाणे बाप जिवंत असेपर्यंत मुलाचा मालमत्तेत हक्कच नव्हता, तर आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणे मुलगा जन्मतःच भागीदार. दोन्ही 'हिंदू एकत्र कुटुंबे'च!

आणि आपल्या महाराष्ट्राचे काय? मामाची मुलगी करणे हे आपल्याकडे अनेक जातींत हक्काचे समजले जाते. उत्तर हिंदुस्थानात हेच सांगितले तर लोक कानावर हात ठेवतात. तिथे मामाची मुलगी ही बहीण. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही बहीण-भावाच्या मुलांचा विवाह निषिद्ध नात्यात धरला आणि लगेच पुढे 'रूढी असेल तर चालेल' अशी पळवाट ठेवली. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांची प्रदेशवार मांडणी केली, तेव्हा महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा असल्याचे दाखवले होते. एका राज्याचे पाप ते शेजारच्या राज्याची रीत! मग 'भारतीय कुटुंबव्यवस्था' म्हणून जी एकच मूर्ती पूजेला बसवली जाते, ती कोणाची?

ज्यांना जमीनच नव्हती

ती जमीनदार, उच्चवर्णीय घराची मूर्ती आहे. एकत्र कुटुंबासाठी एकत्र जमीन लागते. चौसोपी वाडा लागतो. ज्यांच्याकडे गावकुसाबाहेर एक झोपडी होती, त्यांच्या चार मुलांनी 'एकत्र' राहायचे कुठे? आपल्या पूर्वजांना महार वतनाची जमीन होती, असे सांगितले जाते. ती जमीन पिढ्यान् पिढ्या फुटत फुटत तळहाताएवढी झाली आणि त्या तुकड्यासाठी अख्खे कुटुंब गावाच्या वेठबिगारीला जुंपले गेले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच वेठबिगारीविरुद्ध. त्या कुटुंबाची गाठ संस्कृतीने नव्हे, वतनाने बांधली होती.

पुढे बाप गिरणीत आला, खोलीत दहा-पंधरा गाळेकऱ्यांबरोबर राहिला, खानावळीत जेवला. गावाकडे आईने घर चालवले. तेही कुटुंबच होते. आज बीडहून, जालन्याहून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे पाहा. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, जोडीला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला उचल कमी, म्हणून पोरीचे वय पुरे व्हायच्या आत लग्न उरकले जाते. सहा महिने म्हातारी माणसे गावात, नवरा-बायको फडात, आणि पोरे कधी इथे तर कधी तिथे. बाईला एक दिवसाचा खाडाही परवडत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा महाराष्ट्राला या कुटुंबाची आठवण झाली. इथे लग्न, वय, बाईचे शरीर, सारे साखर कारखान्याच्या हंगामावर ठरते. हे कोणत्या संस्कृतीत बसते, ते संस्कृतीरक्षकांनी सांगावे.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. ब्राह्मण विधवेचे केशवपन होत होते त्या काळात आपल्याकडे आणि इतर कष्टकरी जातींत पाट लागत होता, म्होतूर होत होते, काडीमोड होत होती. विधवेचे आयुष्य संपत नव्हते. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला. तो क्रांतिकारक म्हणून आपण शाळेत शिकलो. परंतु त्याच्या कलम २ मध्ये होते की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क संपेल. ज्या जातींत पाट आधीपासूनच चालत होता, त्यांनाही हे कलम लागू आहे, असे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास उच्च न्यायालयांनी धरले. अलाहाबादने तसे धरले नाही. म्हणजे ज्या स्त्रियांना या कायद्याची गरज नव्हती, त्यांच्याच हातचा जमिनीचा तुकडा त्याने काढून घेतला. वरच्यांचे कुटुंब हाच नमुना मानून कायदा केला की खालच्या स्त्रीच्या पदरात काय पडते, याचे हे उदाहरण आहे. कलम १५ त्याच जातकुळीतले आहे.

बाबासाहेबांनी कुठे बोट ठेवले

हे सारे ओळखणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठातील एका मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यांचे म्हणणे होते की जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह. आणि तो टिकवायचा तर जोडीदार गेल्यावर मागे उरणाऱ्या स्त्रीचे आणि पुरुषाचे काहीतरी करावे लागते. तिथून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. म्हणजे ज्या चालींना संस्कृती म्हणून गौरवले गेले, त्या जातीचे कुंपण राखण्याच्या युक्त्या होत्या. कुटुंबाचा आकार समाजाच्या गरजेने ठरतो आणि ती गरज नेहमी सत्ता असलेल्यांची असते, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले.

नुसते सांगून ते थांबले नाहीत. कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलात त्यांनी मिताक्षरेचा जन्मसिद्ध हक्क आणि मागे राहील त्याला मिळेल ही पद्धत काढून टाकण्याची तरतूद ठेवली. मुलीला वाटा, स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी, घटस्फोटाचा हक्क. केरळने १९७५ मध्ये एकत्र कुटुंबाबाबत जे केले, ते या बिलात पाव शतक आधी लिहिलेले होते. 'कुटुंब मोडेल' म्हणून संसदेत आणि संसदेबाहेर काहूर उठले, बिल रेंगाळत ठेवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे तुकड्या-तुकड्यांनी कायदे झाले. मुलगी एकत्र कुटुंबात मुलाच्या बरोबरीची भागीदार व्हायला २००५ साल उजाडले. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे स्पष्ट व्हायला ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. कलम १५ मात्र १९५६ पासून जागच्या जागी आहे.

अलीकडे न्यायालयाची नजर काहीशी रुंदावली आहे, हेही नोंदवले पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात, आई-बाप-मुले या ठरलेल्या चौकटीबाहेरची कुटुंबेही कायद्याच्या संरक्षणाला पात्र आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात आदिवासी स्त्रीच्या वारसांनाही वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा मिळाला. म्हणजे दार किलकिले झाले आहे.

मग आपण काय करायचे

पहिली गोष्ट, कलम १५ बदलण्याची मागणी आपल्या महिला संघटनांनी आणि वकिलांनी लावून धरली पाहिजे. 'हे कसे शक्य आहे' असे कोणी विचारले तर कलम १७ उघडून दाखवावे. जे तुळुनाडूतल्या आणि मलबारातल्या स्त्रीसाठी १९५६ मध्ये शक्य होते, ते परभणीतल्या आणि गोंदियातल्या स्त्रीसाठी आज का शक्य नाही? आपण काही जगावेगळे मागत नाही. मुलाच्या आईला जी रांग आहे, ती मुलीच्या आईला मागतो आहोत.

दुसरी गोष्ट कायदा बदलण्याची वाट न पाहता आज करता येते. प्रत्येक कमावत्या स्त्रीने मृत्युपत्र करावे. विवाहित असो, विधवा असो, परित्यक्ता असो. मृत्युपत्र साध्या कागदावर होते. त्याला मुद्रांक लागत नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे पुरते. ज्याला मालमत्ता द्यायची त्यालाच साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केलेली बरी. मृत्युपत्र असले की कलम १५ ची रांग लागू होत नाही. नॉमिनी लावला म्हणजे झाले, या भ्रमात राहू नये. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की "अगं, अभद्र बोलू नकोस" असे म्हणतात. अभद्र काय असते, ते मी त्या माउलीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

त्यांच्या प्रकरणात शेवटी तडजोड झाली. वस्तीतली माणसे दिराकडे गेली, बोलणी झाली. खोली आईकडे राहिली, ठेव दिराने घेतली. तडजोडीच्या कागदावर अंगठा उठवताना बाई म्हणाल्या, "खोली राहिली, तेवढं बरं झालं. तिचा फोटो तरी भिंतीवर राहील."

त्या दिवसापासून आम्ही तिघी-चौघी वकील महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्या विहारात बसतो. वंदना झाली की सतरंजीवरच कागद मांडतो. आजवर आरोग्यसेविका आल्या, अंगणवाडीच्या ताई आल्या, घरकाम करणाऱ्या बाया आल्या. कोणी आईच्या नावे लिहिते, कोणी भाचीच्या. एकीने तर जिच्याबरोबर वीस वर्षे एका खोलीत काढली, त्या मैत्रिणीच्या नावे लिहिले. माझे कुटुंब कोणते, हे त्या स्वतः सांगतात आणि आम्ही ते कायद्याच्या भाषेत उतरवतो. वाचकांनीही आपापल्या वस्तीत ही बैठक सुरू करावी. आपल्या वस्तीतल्या आईला 'मी तिची कोण लागते' असे न्यायालयाच्या दारात विचारावे लागू नये.